दुसऱ्या नंबरवर कोण होतं ते आधी बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेसाठी लिहिलेलं तुझं भाषण वाचलं. विषय झकास आहे: कुठल्याही खेळातला, एका खेळाडूचा सर्वश्रेष्ठ हंगाम कोणता? पार्क मैदानाबाहेर चहाच्या गाड्यावर यावर तासन् तास जातात आणि निकाल लागत नाही, कारण जो तो आपला आकडा दुसऱ्याच्या अंगावर फेकतो. तूही तेच केलंयस. कोहलीच्या 973 धावा, मेस्सीचे 91 गोल, आणि लगेच ‘म्हणून मेस्सी’. त्या ‘म्हणून’खाली मी लाल रेघ मारली आहे.

आधी एक दुरुस्ती. 91 गोल हे 2012 या कॅलेंडर वर्षातले, आणि त्यात अर्जेंटिनाकडून केलेलेही आले. युरोपातला फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या सुमाराला सुरू होऊन मेमध्ये संपतो. 2011-12 च्या हंगामात बार्सिलोनासाठी त्याचे गोल 73. कोहलीचे 973 हे आयपीएल 2016 चे, 16 सामन्यांतले, दोन महिन्यांच्या आत केलेले. हंगाम म्हणजे काय धरलंस ते पहिल्याच मिनिटात सांगून टाक. नाहीतर समोरचा तिथंच धरेल.

आता मोजायचं कसं? धाव आणि गोल एका तागडीत बसत नाहीत. पण त्याच वर्षी, त्याच नियमांत खेळलेले बाकीचे किती मागे राहिले, हे कुठल्याही खेळात काढता येतं. कोहलीच्या मागे वॉर्नर 848 वर होता, आणि चषकही त्याच्याच हैदराबादने बंगळुरूत येऊन 8 धावांनी नेला. कोहली थोर खरा, पण मैदान मोकळं पडलं होतं असं नाही. उलट बास्केटबॉलमध्ये 1961-62 साली विल्ट चेंबरलेनची सरासरी सामन्याला 50.4 गुणांची, आणि एकूण गुणांत दुसऱ्या नंबरच्या वॉल्ट बेलामीची 31.6. असा फरक दिसला की मी खुर्चीत सरळ होऊन बसतो.

पण नुसता दुसरा नंबर बघितलास तर फसशील. त्याच 2011-12 च्या स्पॅनिश लीगमध्ये मेस्सीचे गोल 50 आणि रोनाल्डोचे 46. चारचाच फरक! मग काय, मेस्सी बाद? तिसरा फाल्काव होता 24 वर. म्हणजे दोन माणसं एकाच वर्षी बाकीच्यांपासून तुटून पुढे गेली होती. शेजारी रोनाल्डो जन्मला हा काही मेस्सीचा दोष नाही. तेव्हा पहिले चार-पाच तरी उतरवून घे आणि दरी नेमकी कुठं पडली ते बघ.

दुसरी गोष्ट: स्कोअरबुक वाचताना आपण फलंदाजाची ओळ वाचतो आणि पान मिटतो. गोलंदाजांचा तक्ता त्याच पानावर खाली असतो, तो कुणी बघत नाही. मैदानी स्पर्धांचं स्कोअरिंग करताना मला याची सवय लागली. एखाद्याचे 70 दिसले की ते मुख्य गोलंदाजाला मारले की सहाव्याला, हे बोटानं वर-खाली जुळवून बघायचं. आपले पॉली उमरीगर घे, जन्म सोलापूरचा. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळे सामने मिळून 1600 हून अधिक धावा काढल्या. नुसती ती बेरीज सांगितलीस तर सभागृह टाळ्या देईल. पण कसोटीत समोर इंग्लंडचा वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमन आला आणि 7 डावांत झाल्या 43. दहा वर्षांनी, 1962 मध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजच्या हॉल, सोबर्स आणि गिब्ज यांच्यासमोर याच उमरीगरांनी 5 बळी घेतले, 56 केल्या आणि फॉलोऑननंतर नाबाद 172. सामना गेला, मालिका 5-0 अशी गेली. मला विचारशील तर 1952 च्या सगळ्या बेरजेपेक्षा तो एक सामना मोठा. तरी त्याला हंगाम म्हणू नकोस, आणि गावचा माणूस म्हणून यादीत घुसडू तर अजिबात नकोस.

हाच तक्ता गावसकरांनाही लाव. (हे तुझ्या आजोबांसमोर बोलू नकोस.) 1970-71 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध 4 कसोटींत 774 धावा, सरासरी 154.80, तेही पदार्पणाच्या मालिकेत. पण त्यांच्या वेगवान गोलंदाजांपैकी हॉल आणि ग्रिफिथ तोवर गेले होते, रॉबर्ट्स आणि होल्डिंग अजून यायचे होते. पराक्रम लहान होत नाही, पण ‘वेस्ट इंडीजची तोफखाना गोलंदाजी’ हे तुझ्या भाषणातले शब्द खोडावे लागतील.

माझं मत विचारलंयस. आइस हॉकीतला वेन ग्रेट्स्की, 1981-82. तिथं गोल आणि गोलसाठी दिलेला पास, दोन्हींना एकेक गुण. त्याचे 212, दुसऱ्या नंबरच्या माइक बॉसीचे 147. त्या काळात गोल फार व्हायचे हे खरं, पण ते सगळ्यांकडूनच व्हायचे, आणि तरी 65 चं अंतर. चेंबरलेनला मी अर्धं पाऊल मागे ठेवतो, कारण 48 मिनिटांच्या सामन्यात तो जादा वेळ धरून सरासरी 48.5 मिनिटं खेळला. आकड्यात त्या मिनिटांचाही वाटा आहे. त्या वर्षी खेळाडूंनी सर्वोत्तम म्हणून मतंही बिल रसेलला दिली. ग्रेट्स्कीचा संघ बाद फेरीत पहिल्याच टप्प्यावर लॉस एंजेलिसकडून हरला. हा मुद्दा तुझ्यावर उलटणार, तेव्हा चषक संघाचा, हंगाम माणसाचा, हे उत्तर तयार ठेव.

एकेरीच्या खेळात मात्र ते चालणार नाही. प्रश्नोत्तरांत टेनिस येणारच. मार्टिना नवरातिलोवा 1983 मध्ये 87 सामने खेळली आणि एकच हरली, पण तो नेमका फ्रेंच ओपनमधला. स्टेफी ग्राफ 1988 मध्ये तीन हरली, पण चारही ग्रँड स्लॅम आणि सोलचं ऑलिंपिक सुवर्ण तिचं. हरायचं किती, की हरायचं कुठं? बुधवारी संध्याकाळी घरी ये. मी नवरातिलोवाच्या बाजूनं बोलेन, तू ग्राफच्या. घड्याळ लावून, चार-चार मिनिटं.

तुझे,
सर