लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग स्क्रीन रीडर वाचत नाही, कॉलेज म्हणतं मैत्रिणीला घेऊन ये

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही सोलापुरात एमए करताय, दिसत नाही म्हणून एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरता, आणि कॉलेजच्या ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगवर गेलं की सर्चच्या चौकटीत नुसतं ‘एडिट’ ऐकू येतं, तिथं लेखक टाकायचा की पुस्तकाचं नाव ते कळतच नाही, पुस्तक रिन्यू करायला जावं तर चित्रातला कॅप्चा. ग्रंथपाल म्हणाले मैत्रिणीला सोबत आणा, प्राचार्य म्हणाले सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे, आम्ही काय करणार.

आधी हे मनातून काढा की तुम्ही कुणाची मेहेरबानी मागताय. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेनं सोयीसुविधा सुगम करायच्या असतात आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयही द्यायची असते. मैत्रीण मदत करते ते तिचं प्रेम, त्यानं कॉलेजची जबाबदारी संपत नाही. कंपनीचं कारणही टिकणार नाही, करार कॉलेजनं केलाय, दुरुस्ती करून घेणं त्यांचंच काम. शिवाय ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती केस केवायसीची, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीची होती, पण तत्त्व तुम्हालाही लागू पडतं, अर्जात जरूर लिहा.

आता खरं काम. आतापर्यंत सगळं तोंडीच झालंय ना? प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका. ‘वेबसाइट चालत नाही’ एवढंच लिहिलं तर ते म्हणतील आमच्याकडे तर चालते. म्हणून आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग करा, कुठल्या पानावर कुठलं बटण दाबल्यावर एनव्हीडीए काय बोलतो ते ऐकू आलं पाहिजे, आणि नेमकं काय हवंय तेही मागा: प्रत्येक चौकटीला लेबल, माऊसशिवाय सगळं कीबोर्डवर चालणं, कॅप्चाऐवजी ओटीपी. दुरुस्ती होईपर्यंत फोनवर किंवा ईमेलवर पुस्तक शोधून द्या, रिन्यू करून द्या, हेही त्याच अर्जात घाला, परीक्षा काही थांबणार नाहीये. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राची झेरॉक्स जोडा.

पंधरा दिवस वाट बघा. हालचाल नाही झाली तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८० खाली तक्रार करा. त्यांना समन्स काढायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की काय कारवाई केली किंवा का नाही केली हे कॉलेजला तीन महिन्यांत कळवावं लागतं.

वकिलाच्या फीची काळजी करू नका, आपल्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पण आधी तो शिक्क्याचा कागद हातात पाहिजे.