कॉन्फोकल मायक्रोस्कोपच्या त्रिमितीय चित्रांतले रंग खरे असतात का? भुंगेऱ्यासारखी वस्तू तिच्या मूळ रंगात त्रिमितीत टिपता येते का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. पण दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा कॉन्फोकल बाजूला ठेवावा लागतो. मी याच प्रकारच्या चित्रणाचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कॉन्फोकलची कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांची. त्यांनी पेटंटसाठी १९५७ मध्ये अर्ज केला. प्रकाश एका बिंदूवर टाकायचा आणि परत येणारा प्रकाश बारीक छिद्रातून घ्यायचा. फोकसच्या वरखालून आलेला प्रकाश छिद्रावर अडतो, म्हणून नमुन्याचा एकेक थर वेगळा मिळतो. छिद्रामागे असतो फोटोमल्टिप्लायर. प्रकाश किती आला एवढंच तो सांगतो, रंग त्याला कळत नाही. ४८८ नॅनोमीटरच्या लेसरने चमकणाऱ्या रंगद्रव्याचा प्रकाश फिल्टरमधून आला, की त्या आकड्यांना हिरवा रंग द्यायचा हे आपण संगणकावर ठरवतो. किरमिजी दिला तरी मोजमाप तेच राहतं. पेशीत कोणतं प्रथिन कुठे आहे हे पाहायला हे उत्तमच आहे, कारण तिथे रंग ही फक्त खूण असते.

भुंगेऱ्याच्या पाठीचं तसं नाही. तिथे रंग हीच माहिती आहे. लाल, हिरवा, निळा असे तीन लेसर वापरून परावर्तित प्रकाश मोजला, तरी वर्णपटातले तीनच बिंदू हाती येतात. मधल्या तरंगलांबींवर काय चाललंय ते निसटतं. म्हणून पांढरा प्रकाश आणि रंगीत कॅमेरा हवा.

मग थर कसे वेगळे करायचे? माझ्या मते यासाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे स्ट्रक्चर्ड इल्युमिनेशन. नमुन्यावर बारीक रेघांची जाळी पाडायची आणि ती दोन रेघांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाने सरकवत तीन फोटो घ्यायचे. रेघा फक्त फोकसच्या थरातच ठळक पडतात. फोकसबाहेरचा धूसर प्रकाश तिन्ही फोटोंत जवळपास सारखा असतो, त्यामुळे फोटोंची आपसात वजाबाकी केली की तो निघून जातो. ही रीत १९९७ पासून वापरात आहे. मग फोकस किंचित हलवायचा आणि पुन्हा तीन फोटो. २०० थर म्हणजे ६०० फोटो.

रंग बिघडतो तो या वजाबाकीत. समजा हिरव्या कवचावरची एखादी चकाकती जागा इतकी प्रखर आहे, की कॅमेऱ्याचा हिरवा चॅनेल तिन्ही फोटोंत २५५ ला, म्हणजे नोंदवता येणाऱ्या कमाल आकड्याला टेकला. २५५ मधून २५५ गेले, शून्य उरलं. लाल आणि निळा मात्र शाबूत आहेत. परिणाम असा, की नमुन्याचा सर्वांत हिरवा भाग चित्रात जांभळट-गुलाबी दिसतो! तिन्ही चॅनेल टेकले तर तिथे सरळ काळं भोक पडतं. म्हणून एक्स्पोजर सगळ्यात चकाकत्या जागेवरून ठरवा. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवा आणि कॅमेऱ्यातून कच्चा डेटाच घ्या. गॅमा लावलेल्या (डोळ्याला नीट दिसावं म्हणून उजळपणा बदललेल्या) आकड्यांची वजाबाकी केली तर चित्रात रेघांचे ओरखडे उरतात.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. तीच जाळी लाल प्रकाशात निळ्यापेक्षा फिकी उमटते, कारण तरंगलांबी जास्त असली की बारीक तपशील कमी ठळक येतो. वजाबाकीचं उत्तर त्या ठळकपणावर अवलंबून असल्याने लाल आपोआप दबतो. यासाठी आधी पांढऱ्या, सपाट पृष्ठभागावर हीच सगळी प्रक्रिया करा आणि त्यावरून तिन्ही चॅनेलचं प्रमाण ठरवा. चीनमधल्या शिआनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हा हिशेब लाल-हिरवा-निळा यांऐवजी रंगछटा, रंगाची तीव्रता आणि उजळपणा यांच्यात करण्याची पद्धत मांडली. तीही वापरून पाहण्यासारखी आहे.

ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडचं भिंग) शक्यतो सगळे रंग एकाच जागी फोकस करणारा, म्हणजे अ‍ॅपोक्रोमॅटच घ्या. साध्या ऑब्जेक्टिव्हमध्ये लाल आणि निळा वेगवेगळ्या खोलीवर फोकस होतात, आणि मग एकाच केसाच्या दोन रंगीत प्रती वरखाली बसलेल्या दिसतात.

भुंगेऱ्याच्या धातूसारख्या झळाळीबद्दल मुद्दाम सांगतो, कारण इथे 'खरा रंग' म्हणजे काय हेच ठरवावं लागतं. ती झळाळी बहुधा रंगद्रव्याची नसून कवचातल्या अतिशय पातळ थरांवरून होणाऱ्या परावर्तनाची असते. कोन बदलला की रंग बदलतो. तिरकं पाहिलं की तो निळ्याकडे सरकतो. ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातले किरण घेतो, ते एनए (न्यूमरिकल अपर्चर) या आकड्याने सांगतात. ०.३ एनएचा ऑब्जेक्टिव्ह साधारण १७ अंशांपर्यंतचे किरण गोळा करतो, ०.९ एनएचा ६४ अंशांपर्यंतचे. त्यामुळे एकाच ठिपक्याचा रंग दोघांत वेगळा येऊ शकतो, आणि दोन्ही चित्रं तितकीच खरी असतात. चित्राखाली एनए लिहिलाच पाहिजे असा माझा आग्रह असतो. चकाकी मारायला काटकोनात दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे फिल्टर) लावायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण अशा कवचावर चकाकीसोबत रंगही बराचसा जातो.

शेवटी सगळे थर एका चित्रात आणताना प्रत्येक चॅनेलची कमाल किंमत वेगवेगळी उचलू नका. लाल एका थरातला आणि हिरवा दुसऱ्या थरातला आला, तर नमुन्यात कुठेच नसलेला पिवळा तयार होतो. आधी उजळपणावरून थर निवडा, मग तिन्ही रंग त्याच थरातले घ्या.

तुमच्याकडे जाळी पाडण्याची सोय नसेल, तर साधं फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फोटोंतले स्पष्ट भाग सॉफ्टवेअरने जोडणं, करून बघा. भुंगेरा अपारदर्शक असल्याने त्याच्या पृष्ठभागापुरतं ते चांगलं चालतं. खाचा, ठिपके, केस नीट येतात. गुळगुळीत, चकचकीत भागात मात्र सॉफ्टवेअरला धरायला तपशीलच सापडत नाही, आणि तिथली उंची चुकते. तेवढा भाग महत्त्वाचा असेल तर जाळीशिवाय भागणार नाही.