प्लॅटफॉर्म गेमच्या लेव्हल एडिटरसाठी स्वतःच्या टाइल्स बनवतोय. १६ पिक्सेलच्या घेऊ की ३२ च्या? आणि खेळताना टाइल्सच्या मध्ये बारीक रेघा दिसतात, माझं ड्रॉइंग चुकतंय का?

१६ च्या घ्या. ३२ ची टाइल घेतली की पिक्सेल दुप्पट नाही, चौपट होतात, २५६ चे १०२४. पहिल्याच गेमला ते भरत बसलात तर गेम राहील बाजूला. स्क्रीन ३२० × १८० ची धरा, सहापट केली की बरोबर १९२० × १०८० होते. आडव्या २० टाइल्स बसतात, उभ्या सव्वाअकरा. ती पाव टाइल आकाशात ढकलायची.

आता रेघा. खरं सांगायचं तर उत्तर लिहायला बसले ते तुमच्या त्या शेवटच्या ओळीसाठी. नाही, तुमचं ड्रॉइंग चुकत नाहीये. हेच वाक्य मला कुणीतरी वेळेवर ऐकवायला हवं होतं.

एका मित्राबरोबर गेम करत होते. कोड त्याचा, चित्रं माझी. नायक पळायला लागला की गवताच्या टाइल्सखाली केसाएवढी रेघ लुकलुकायची, थांबला की कधी गायब, कधी तिथेच. मित्राचा निकाल तयार होता: "तुझ्या टाइल्स कडेपर्यंत भरलेल्या नाहीत." मी येडी, दोन आठवडे एकेक टाइल ८०० टक्के मोठी करून कडा तपासत बसले. एक पिक्सेल रिकामा सापडेना. गवत तीनदा नव्याने काढलं, तरी रेघ तिथेच.

मग एका रात्री स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला आणि लक्षात आलं, रेघ नारिंगी आहे. गवतात नारिंगी कुठून आला? आमच्या टाइलशीटवर, म्हणजे सगळ्या टाइल्स शेजारी-शेजारी ठेवलेल्या एकाच चित्रात, गवताच्या बरोबर खालच्या घरात लाव्हा होता. मी लाव्हा उचलून दुसरीकडे टाकला आणि त्या जागी पाणी ठेवलं. गेम चालू केला तर रेघ निळी! शेजारच्या टाइलचा रंग गवतात झिरपत होता. कॅमेरा पूर्ण पिक्सेलवर न थांबता मध्येच कुठेतरी अडकायचा, वर टेक्श्चरला, म्हणजे गेमने वापरलेल्या त्या चित्राला, लिनियर फिल्टर (शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत मिसळणारा), त्यामुळे गवताच्या कडेचा रंग काढताना शेजाऱ्याचाही थोडा मिसळला जायचा. दोन्ही गोष्टी कोडातल्या. माझ्या ब्रशचा काडीचाही संबंध नाही.

उपाय मात्र मीच केला. प्रत्येक टाइलच्या कडेचा पिक्सेल चारही बाजूंना एकदा बाहेर पुन्हा काढायचा, म्हणजे १६ ची टाइल शीटवर १८ ची जागा घेते. मग टाइल्ड या लेव्हल एडिटरमध्ये टाइलचा आकार १६ च ठेवून मार्जिन (शीटच्या कडेची मोकळी जागा) १ आणि स्पेसिंग (दोन टाइल्समधलं अंतर) २ द्यायचं. आता झिरपलाच तर तिचा स्वतःचाच रंग झिरपतो. मित्राने नवी शीट जोडली आणि कमिटवर, म्हणजे कोडातल्या बदलाच्या नोंदीत, लिहिलं, "टाइल्समधली चूक सुधारली." टाइल्समधली! आजही विषय निघाला की तो म्हणतो, "शेवटी फाइल तुझीच बदलली ना?"

तेव्हा कुणाबरोबर काम करत असाल तर गवत पुन्हा काढण्याआधी शीटवर त्याच्या शेजारी भडक गुलाबी चौकोन ठेवा. रेघ गुलाबी झाली की स्क्रीनशॉट पाठवून द्या, खाली एक शब्दही लिहू नका.

एकट्यानेच करत असाल तर फिल्टर निअरेस्ट (रंग न मिसळता जवळचा एकच पिक्सेल घेणारा) करा आणि कॅमेरा पूर्ण आकड्यावर आणा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. गोडो ४ या गेम इंजिनमध्ये ॲटलसला (तिथली टाइलशीट) पॅडिंगची, म्हणजे आपोआप अशी किनार लावायची, सोय आहेच, तिथे किनार हाताने काढायची गरज नाही. जेपीईजीमध्ये सेव्ह करत असाल तर मात्र वरचं सगळं विसरा, ते सेव्ह करतानाच पिक्सेलचे रंग बिघडवतं, तिथे दोष तुमचाच.

ऑटोटाइलसाठी (शेजारी काय आहे ते बघून योग्य टाइल आपोआप बसते ती सोय) १६ टाइल्सच्या संचाने सुरुवात करा, ४७ चा नंतर बघू. आणि प्रत्येक टाइल तीन बाय तीन अशी नऊ वेळा मांडून बघत जा. माझ्या विटेला एक झकास तडा होता, नऊदा मांडल्यावर ती भिंत छापील चादरीसारखी दिसायला लागली. हे त्या मित्रानेच दाखवलं होतं. तेवढं त्याचं बरोबर होतं.