वाचक विचारतात : हायब्रिड सेडानचे ब्रेक

प्रश्न : माझी होंडा सिटी ई:एचईव्ही २०२२ची आहे, ४२,००० किमी झाले. पावसाळ्यापासून मागून खरखर येते आणि हळू ब्रेक लावला की बारीक थरथर जाणवते. गॅरेजवाले मागच्या दोन्ही डिस्क बदला म्हणतात. पॅड तर अजून ७ मिमी शिल्लक आहेत. इतक्या लवकर डिस्क कशी जाईल? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पॅड झिजले नाहीत, म्हणूनच डिस्क गेली असण्याची शक्यता जास्त. हायब्रिडमध्ये पेडल हलके दाबले की वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते. ती जनित्रासारखी फिरते, वीज बॅटरीत जाते आणि पॅडना फारसे काही करावे लागत नाही. गाडी थांबायला येते तेव्हा, म्हणजे साधारण ताशी १० किमीच्या खाली, किंवा जोरात ब्रेक लागतो तेव्हा पॅड खरे कामाला लागतात. सिटीची मोटर पुढची चाके फिरवते. मागच्या डिस्कवर आधीच भार कमी असतो, त्यात हे. साध्या पेट्रोल गाडीत पहिल्या चौकापर्यंत घासून निघणारा गंज इथे आठवडाभर तसाच राहतो. रत्नागिरीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळाला की त्या गंजाचे खड्डे पडतात.

डिस्क बदलण्यापूर्वी चाक काढून तीन गोष्टी बघा. पहिली, जिथे पॅड घासतो तो पट्टा. बाहेरच्या कडेवर आणि मधल्या गोलावर गंज असला तर काळजी नको, पण पट्ट्यात काळपट डाग आणि नख अडकेल असे खड्डे असतील तर ते घासून जात नाहीत. डिस्कची आतली बाजूही बघा. बऱ्याचदा बाहेरून डिस्क चकचकीत दिसते आणि आत निम्म्या पट्ट्यावर गंज असतो. दुसरी, जाडी. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने पाच-सहा जागी मोजा. कडेला राहिलेल्या ओठावर व्हर्नियर लावून मोजलेले माप खोटे येते. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना. आतला पॅड ४ मिमी आणि बाहेरचा ७ मिमी असा फरक दिसला तर पिन जाम आहे किंवा पिस्टन परत जात नाही. पिन हाताने ओढून सहज सरकली पाहिजे. ती सुकी असेल तर जुने ग्रीस पुसून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस लावू नका, त्याने रबरी टोपी फुगते आणि पिन महिन्याभरात पुन्हा अडकते. दोन पिनांपैकी एकीवर रबरी बुश असेल तर ती ज्या भोकातून काढली त्याच भोकात घाला.

खड्डे नसतील, नुसता गंज आणि पॅडवर काचेसारखी चकाकी असेल, तर पॅडचा पृष्ठभाग ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट घासा, पॅड बसतात ती पत्र्याची जागा तारेच्या ब्रशने स्वच्छ करा आणि रिकाम्या सरळ रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा दणकून ब्रेक लावा. मध्ये अर्धा-एक किलोमीटर गाडी मोकळी चालवून डिस्क थंड होऊ द्या. इतक्या जोराचा ब्रेक मोटरला एकटीला पेलत नाही, त्यामुळे पॅड डिस्कला घासतातच. एवढे करूनही थरथर राहिली तर दोन्ही डिस्क आणि चारही पॅड बदला. एकाच बाजूचे बदलू नका. लेथवर डिस्क घासून घेणे तेव्हाच परवडते, जेव्हा घासल्यानंतरही कोरलेल्या किमान जाडीपेक्षा अर्धा-पाऊण मिमी जास्त उरते.

पुढच्या पावसाळ्यासाठी : गाडी धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर लगेच लावून ठेवू नका, आधी दोन-तीन वेळा नीट ब्रेक दाबून डिस्क सुकवा. आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागी पार्किंग ब्रेक सोडून, पी मध्ये आणि चाकाला दगड लावून ठेवा. नाहीतर ओला पॅड डिस्कला चिकटतो आणि त्याच आकाराचा डाग उठतो.

प्रश्न : २०१९ची कॅमरी हायब्रिड आहे. मागचे पॅड घरीच बदलायचे आहेत, साध्या गाड्यांचे मी बदलले आहेत. यात वेगळे काय? हाय व्होल्टेजची भीती वाटते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : भीती हाय व्होल्टेजची नको. नारिंगी केबलींना या कामात हात लागत नाही आणि हाय व्होल्टेज तोडणारा सर्व्हिस प्लग काढावा लागत नाही. भीती हवी ती ब्रेकच्या पंपाची आणि विजेच्या पार्किंग ब्रेकची.

कॅमरीत ब्रेकचा दाब पंप आणि दाब साठवणारी टाकी तयार करते आणि संगणक तो चाकांना देतो. गाडी बंद असली तरी दार उघडले किंवा पेडलला पाय लागला की पंप जागा होऊ शकतो. त्या वेळी कॅलिपर डिस्कवरून काढलेला असेल तर पिस्टन बाहेर फेकला जातो किंवा बोट चिमटते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

गाडी सपाट जागी, पी मध्ये, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. चाकाचे नट जमिनीवरच जरा ढिले करा. मग गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लावून पार्किंग ब्रेक देखभाल अवस्थेत न्या. मागच्या कॅलिपरवरची छोटी मोटर आपला स्क्रू मागे घेते, तो आवाज ऐकू येतो. हे न करता शिकंज्याने पिस्टन रेटला तर आतला स्क्रू-नट मोडतो आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. या गाड्यांवर घरी होणारी सर्वांत महागडी चूक हीच. मोटर मागे गेल्यावर गाडी बंद करा, चावी घरात ठेवा आणि १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ही बॅटरी डिकीत आहे, तेव्हा तार काढलेली असताना डिकीचे झाकण लावू नका. कुलूप विजेवर चालते, नंतर ते उघडायला यांत्रिक चावीने आत शिरून खटपट करावी लागते.

आता जॅक, आणि जॅकखेरीज स्टँड. चाक काढा, कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवा किंवा दोन्ही काढून तारेने स्प्रिंगला लटकवा. होजवर लोंबकळू देऊ नका. पिस्टन मागे ढकलण्याआधी बोनेटखालच्या डबीतले ब्रेक ऑइल बघा. ते मॅक्सला असेल तर सिरिंजने थोडे काढा, कारण पिस्टन मागे गेला की तेवढे ऑइल वर येते आणि रंगावर सांडले तर रंग जातो. पिस्टन सावकाश, सरळ ढकला. पॅड बसतात त्या खाचांतल्या पत्र्याच्या क्लिपा नवीन लावा, पॅडच्या संचासोबत आल्या नसतील तर मागवून घ्या. पॅडच्या कानांना आणि पाठीला उष्णता सोसणारे ग्रीस नखभर पुरते, घासणाऱ्या बाजूला कणभरही नको. पॅड झिजला की किंचाळणारी पट्टी असते, ती असलेला पॅड जिथून निघाला तिथेच घाला. चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने १०३ न्यूटन-मीटर.

बॅटरीची तार लावा, गाडी रेडी करा आणि जागेवरच पेडल घट्ट लागेपर्यंत हळूहळू दाबा. मगच स्कॅनरने पार्किंग ब्रेक कामावर आणा, दोन-तीन वेळा लावून-सोडून बघा. पॅनेलवर पिवळा किंवा लाल ब्रेकचा दिवा राहिला तर गाडी हलवू नका, कोड वाचा. खिडक्यांची एका टिचकीत वर जाण्याची सोय बंद पडलेली दिसेल. काच वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवले की ती परत येते. स्कॅनर मिळणार नसेल तर मागचे पॅड घरी काढूच नका, पुढचे काढा. त्यात पार्किंग ब्रेकचा प्रश्न नाही, बाकी सावधगिरी तीच.

प्रश्न : पॅड नवे असतील तर ब्रेक ऑइल बदलायची गरज काय? गॅरेजमध्ये दोन माणसे पेडल दाबून हवा काढतात, ते हायब्रिडला चालते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ऑइलचा पॅडशी संबंध नाही, हवेतल्या ओलाव्याशी आहे. डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही हवेतले पाणी शोषतात. कोरड्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर किमान १४०. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. पाणी मुरलेल्या ऑइलचा धोका दुहेरी आहे. घाटात ते उकळते आणि पेडल खाली बसते. आणि हायब्रिडमध्ये ते पंपाच्या बारीक झडपांना आतून गंजवते. पॅडचा खर्च आणि त्या पंपाच्या युनिटचा खर्च यांची तुलनाच नको. दर दोन वर्षांनी बदला, किमी कितीही कमी असोत. तुमच्या पुस्तिकेत याहून कमी मुदत असेल तर ती पाळा. डबीच्या झाकणावर लिहिले असेल तेच घाला. सिलिकॉनचे डॉट ५ चुकूनही नको. एक लिटरचा सीलबंद डबा पुरतो, अर्धा उरला तर पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

पेडल दाबून हवा काढणे टोयोटाच्या, वर कॅमरीत सांगितलेल्या पंपाच्या ब्रेकमध्ये पुरत नाही. काही वाटा पंप चालल्याशिवाय रिकाम्याच होत नाहीत, त्यासाठी स्कॅनर ब्लीडिंगची, म्हणजे हवा काढण्याची, पायरी पायरी सांगतो. गॅरेजला फोनवर एकच प्रश्न विचारा : तुमचा स्कॅनर या गाडीचे ब्रेक ब्लीड करतो का? उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे गॅरेज शोधा. काम चालू असताना डबी एकदा रिकामी झाली आणि पंपात हवा शिरली, तर तासाभराचे काम दिवसभराचे होते.

प्रश्न : आंबोली घाट उतरताना निम्म्यात इंजिन एकदम गरगरायला लागते, पाय ब्रेकवर असताना! ब्रेकमध्ये बिघाड आहे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नाही, बॅटरी भरली आहे. लांब उतारावर मोटरने बनवलेली वीज ठेवायला जागा उरत नाही, मग गाडी ती वीज खर्च करायला इंजिन पेट्रोलशिवाय फिरवते. आवाज त्याचा. पण याच क्षणापासून पॅडवर जास्त भार येतो, हे ध्यानात ठेवा. उतार सुरू होतानाच टोयोटात लिव्हरवर बी (जास्त वेगरोधाची जागा) असेल तर तो बी वर घ्या, सिटीत डावीकडच्या पॅडलने वेगरोध वाढवा. ब्रेकवर पाय ठेवून घासत उतरू नका. ठरावीक अंतराने जोरात दाबून वेग २०ने कमी करा आणि पाय उचला. न्यूट्रलमध्ये घाट उतरू नका, त्यात मोटरचा सगळा वेगरोध जातो. जळका वास आला तर सुरक्षित जागी गाडी थांबवून पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्या, डिस्कवर पाणी ओतू नका. पेडल मऊ होऊन खाली गेले असेल तर ब्रेक ऑइल बदलेपर्यंत घाटात गाडी नेऊ नका.

प्रश्न : मारुती सियाझ एसएचव्हीएसलाही हेच नियम का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाहीत. सियाझमधली मोटर इंजिनच्या पट्ट्यावर (बेल्टवर) फिरणारी छोटी आहे, वेग कमी करण्यात तिचा वाटा नगण्य. पॅड साध्या पेट्रोल गाडीसारखेच झिजतात. ३ मिमीवर आले की नवे आणून ठेवा. मागे ड्रम आहेत. दर २०,००० किमीला ड्रम काढून शूची लायनिंग बघा, १ मिमी ही शेवटची मर्यादा. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल दिसली तर सिलिंडर बदला. आतली भुकटी हवेच्या झोताने उडवू नका, ब्रेक क्लीनरने धुवा. हँडब्रेक उंच येत असेल तर आधी शूचे अ‍ॅडजस्टर सेट करा आणि त्यानंतरच केबल ओढा. डावे-उजवे अ‍ॅडजस्टर एकमेकांच्या जागी बसवले तर त्यांचे आटे उलट फिरतात आणि शू आपोआप जवळ येणे थांबते.