रूपांतर की माध्यमांतर?

नागपूरहून एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : "माझ्या लघुप्रबंधाचे शीर्षक 'अभिजात मराठी नाटकांचे चित्रपटात रूपांतर' असे होते. मार्गदर्शकांनी 'रूपांतर' खोडून 'माध्यमांतर' लिहिले. दोहोंत फरक काय? आणि 'रूपांतरण' चालेल का?"

दुरुस्ती योग्य आहे. 'रूपांतर' हा शब्द चुकीचा नाही, पण मराठी रंगभूमीने तो फार पूर्वीच दुसऱ्या कामाला लावला आहे. देवलांचा 'झुंझारराव' हे 'ऑथेल्लो'चे रूपांतर, पु. लं.ची 'ती फुलराणी' हे शॉच्या 'पिग्मॅलियन'चे. परक्या मुलखातली माणसे आपल्याकडची करून घ्यायची, नावेगावे आणि बोलण्याची ढब बदलायची, याला नाटकवाले रूपांतर म्हणतात. त्यात नाटक नाटकच राहते. चित्रपटासाठीही तोच शब्द वापरला, तर 'नटसम्राट'चे रूपांतर म्हणजे नाटक दुसऱ्या प्रदेशात नेले की पडद्यावर आणले, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

समासाच्या शेवटी येणाऱ्या 'अंतर'चा अर्थ 'दुसरा, निराळा'. संस्कृतात विग्रह होतो 'अन्यत् रूपम्'. भाषांतर, वेषांतर, स्थलांतर, धर्मांतर (हा शब्द नागपूरला 1956 पासून समजावून सांगावा लागत नाही) हे सगळे त्याच साच्यातले. जे पद आधी येते, ते बदलते : भाषांतरात भाषा, वेषांतरात वेष, माध्यमांतरात माध्यम. 'मध्यंतर'मधले अंतर मात्र वेगळे. ते मधल्या फटीचे.

मूळ शीर्षकात खरी अडचण 'रूपांतर'पेक्षा 'चित्रपटात' या सप्तमीने केली आहे. 'पाण्याचे वाफेत रूपांतर झाले' म्हटले की पाणी उरत नाही. 'सुरवंटाचे फुलपाखरात रूपांतर' झाले की सुरवंट संपला. 'अमक्याचे तमक्यात रूपांतर' ही रचनाच पहिली वस्तू नाहीशी करणारी आहे. नाटकाचे तसे होत नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' 1967मध्ये आले, त्यावरून सुबोध भावे यांनी केलेला चित्रपट 2015मध्ये. नाटक आहे तिथेच आहे. म्हणून मराठीची जुनी, साधी वाट बरी : 'नाटकावरून चित्रपट केला'. 'नाटकावर बेतलेला' हेही छान आहे. बेतणे हा शिंप्याचा शब्द, अंगाच्या मापाने कापड कापण्याचा, आणि चित्रपटाच्या मापाने नाटक कापावे लागतेच. चौकातल्या माणसाला यातले काही लागत नाही. तो 'त्या नाटकाचा पिक्चर काढला' म्हणतो, आणि त्याचे चुकत नाही.

आता लघुप्रबंधाच्या कामाचे. दोन्ही शब्द ठेवा, पण त्यांची कामे वाटून द्या. प्रत्येक चित्रपटाला तीन प्रश्न विचारा : भाषा बदलली का, देशकाळ बदलला का, माध्यम बदलले का? सत्यदेव दुबे यांच्या 1971च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये तेंडुलकरांची भाषा मराठीच राहिली, म्हणजे मुख्यतः माध्यमांतर. एलकुंचवार तुमच्याच गावचे. त्यांच्या 'पार्टी'वरून गोविंद निहलानींनी 1984मध्ये हिंदी चित्रपट केला. तिथे भाषाही बदलली. कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले'वरचा 'आँसू बन गये फूल' (1969) याच रांगेत. गुलजार यांचा 'अंगूर' (1982) शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'वरून आलेला, त्यात तिन्ही बदल आहेत. त्याला नुसते माध्यमांतर म्हटले तर अर्धी गोष्ट सुटते.

पण माध्यम बदलले की आतला मजकूरही हलतो, आणि विद्यार्थ्यांचे लेखन इथे घसरते. जे कॅमेऱ्यामुळे बदलावे लागले आणि जे दिग्दर्शकाला बदलावेसे वाटले, ते एकाच यादीत येते. महेश मांजरेकरांच्या 2016च्या 'नटसम्राट'मध्ये बेलवलकरांना रामभाऊ हा मित्र मिळतो. शिरवाडकरांच्या नाटकात तो नाही. ही भर माध्यमाने मागितलेली नाही, ती पटकथेची निवड आहे. उलट स्वगताचा प्रश्न माध्यमाचाच आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावे म्हणून रंगमंचावर जो आवाज आणि हातवारा लागतो, तोच जवळून घेतलेल्या चेहऱ्यावर भडक दिसतो. म्हणून नट आवाज खाली आणतो, किंवा स्वगत ऐकायला समोर कुणीतरी बसवावे लागते. ज्या बदलाचे कारण कॅमेरा किंवा ध्वनी, तो 'माध्यमांतर'च्या रकान्यात लिहा. ज्याचे कारण कथेचा नवा अर्थ, तो 'पुनर्रचना'च्या रकान्यात. काही बदल दोन्हीकडे बसतील. ते दोन्हीकडे लिहा, ओढूनताणून एका बाजूला टाकू नका.

यासाठी 'कट्यार'इतके चांगले उदाहरण नाही, आणि नागपूरकराने ते सोडू नये. दारव्हेकर नागपूरचे, 'रंजन कला मंदिर'चे. या नाटकातले गायक खाँसाहेब रंगमंचावर उभे करणारे वसंतराव देशपांडे यांच्या नावाचे सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आहे. चित्रपटात कट्यार स्वतः कथा सांगते. नाटकात ती हातात धरायची वस्तू. मागच्या रांगेला तिची मूठही दिसत नाही, तिचे महत्त्व संवादातून कळते. पडद्यावर ती चौकट भरून दिसते, म्हणून तिला आवाज देणे खपून जाते. हे माध्यमांतर. नाटकाचे संगीतकार अभिषेकी यांची काही पदे ठेवून शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी घातली, ही पुनर्रचना. पण संगीत नाटकातले पद नट तिथेच गातो, दाद मिळाली की लांबवतो. चित्रपटातले गाणे आधी ध्वनिमुद्रित होते, त्याची लांबी ठरलेली असते. म्हणजे गाण्यांचा हा बदल दोन्ही रकान्यांत जाईल.

'रूपांतरण' हिंदीत रुळलेले आहे, शास्त्राच्या मराठी पुस्तकांतही दिसते. चूक नाही, पण गरजही नाही. 'रूपांतर' हेच क्रियेचे नाव आहे. 'रूपांतरीकरण' मात्र टाळाच. 'रू' दीर्घ, 'रुपेरी पडदा' ह्रस्व लिहितात म्हणून हात चुकतो. 'रूपांतरित', 'आधारित' यांत 'रि' ह्रस्व. आणि 'चित्रपटाच्या दुसऱ्या अंकात' लिहू नका. अंक आणि प्रवेश नाटकाचे, चित्रपटात प्रसंग आणि दृश्ये. 'मध्यंतरानंतर' दोन्हीकडे चालते.

'अभिजात'बद्दल थोडी सावधगिरी हवी. शब्दाचा मूळ अर्थ 'चांगल्या कुळात जन्मलेला'. 3 ऑक्टोबर 2024ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तो जिकडेतिकडे लागतो. तुमच्या यादीतली नाटके 1960नंतरची असतील, तर 'गाजलेली' म्हणणे प्रामाणिक. 'अभिजात' ठेवायचे असेल, तर का ते पहिल्या प्रकरणात लिहा. शीर्षक असे करता येईल : 'मराठी नाटकांवरून केलेले चित्रपट : माध्यमांतराचा अभ्यास'. 'नाटकांवरील चित्रपट' नको, त्याचा अर्थ नाटकांविषयीचे चित्रपट असाही होतो. नुसते 'नाटकांचे माध्यमांतर'ही अपुरे, कारण नभोनाट्य, म्हणजे रेडिओवरचे नाटक, हेही माध्यमांतरच.