व्होल्ट भागिले अँपियर केलं तर मोटरचा रोध चुकीचा का येतो?

तुमची 5 एचपीची थ्री फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेली) मोटर आहे, रावेरकडे केळीच्या बागेत. चालू असताना दोन फेजमध्ये 400 व्होल्ट आणि टोंग टेस्टरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरवर) 9 अँपियर. भागाकार केला तर 44 ओहम येतात, बंद मोटरवर मल्टीमीटर मात्र 4 ओहमच दाखवतो. गुणाकार केला तर 3600 वॅट, म्हणजे 5 एचपीच्या 3730 वॅटपेक्षाही कमी. मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

मल्टीमीटर खरं सांगतोय. हीटरच्या कॉइलला व्होल्ट भागिले अँपियर चालतं: 230 व्होल्टला 8.7 अँपियर म्हणजे 26.4 ओहम. मोटरचं तसं नाही. सप्लाय मिळताच वाइंडिंगमध्ये (मोटरमधल्या तांब्याच्या वेटोळ्यांत) विरोधी व्होल्टेज तयार होतं आणि करंट मुख्यतः तेच अडवून धरतं. तांब्याच्या रोधाचा त्यात वाटा अगदी थोडा.

पॉवर काढताना 1.732 (थ्री फेजचा गुणक) आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपियरच्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा हिस्सा) दोन्ही धरा. पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर 1.732 × 400 × 9 × 0.8 म्हणजे साधारण 5000 वॅट. हे मोटर ओढते. कार्यक्षमता 75 टक्के धरली की शाफ्टवर 3750 वॅट मिळतात, म्हणजे बरोबर 5 एचपी. तुमची मोटर ठीक चाललीय.

आता त्या 4 ओहमकडे बघा, कारण त्यातले निम्मे केबलचे असू शकतात. स्टार्टरच्या पेटीपासून मोटरपर्यंत 500 फूट, म्हणजे सुमारे 150 मीटर, 2.5 चौरस मिमी तांब्याची केबल असेल तर एका तारेचा रोध 0.0175 × 150 ÷ 2.5 = 1.05 ओहम (0.0175 हा तांब्याचा ठरलेला आकडा). मोजताना दोन तारा येतात, म्हणजे 2.1. केबलमध्येच 3 × 9 × 9 × 1.05 = 255 वॅट जळतात. 4 चौरस मिमी टाकली तर हेच 160 वर येतात. मे महिन्यात उन्हात पडलेल्या तारेचा रोध आणखी वाढतो, तापमान 25 अंशांनी वाढलं की साधारण 10 टक्के.

मोजण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि मोटरच्या तिन्ही तारा स्टार्टरवरून सोडवा. तांबं खरवडून घ्या. मल्टीमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून जे 0.3-0.4 येतात ते वजा करा. मग तिन्ही जोड्या मोजा, त्या सारख्या यायला हव्यात. लाल-पिवळी 4 आणि बाकी दोन्ही 5.2 आल्या तर दोन्हींत असलेली निळी तार दोषी, बहुतेक वेळा तिचा जॉइंट. त्या 1.2 ओहमवर 9 अँपियरला 97 वॅट उष्णता निघते. साधं सोल्डरिंग आयर्नही बहुधा एवढ्या वॅटचं नसतं, टेप वितळणारच.

अजून एक. व्होल्टेज पडलं की हीटर कमी करंट घेतो, पण मोटर जास्त घेते, कारण पाण्याचा भार तसाच असतो. 9 चे 11 झाले की वाइंडिंगची उष्णता 81 ला 121 या प्रमाणात, म्हणजे दीडपट. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा आकडा वाढवू नका. तो नेमप्लेटवरच्या अँपियरलाच ठेवा आणि आधी मोटर चालू असताना स्टार्टरवर व्होल्ट मोजा. नाहीतर वाइंडिंग जळून मोटर पुन्हा भरायला न्यावी लागेल.