आठवड्याला तीन ओळी

सप्रेम नमस्कार.

चिंचवडहून आलेले आपले पत्र मिळाले. आपले चिरंजीव आठ महिन्यांपूर्वी एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीच्या खराडीतील कार्यालयात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून रुजू झाले. आता ‘आठवडाभरात तीन ओळींचा कोड झाला, मी इथे गंजतो आहे’ असे म्हणत ते राजीनाम्याच्या गोष्टी करतात, आणि त्यांना अडवावे की नाही, असे आपण विचारले आहे.

आधी त्या तीन ओळींविषयी. मोठ्या कंपनीत नव्या माणसाला कोरी पाटी मिळत नाही. वर्षानुवर्षे अनेकांनी लिहिलेल्या कोडमध्ये त्याला बदल करायचा असतो, आणि त्यासाठी तो कोड तसा का लिहिला हे आधी उमगावे लागते. मग बदल रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीला जातो, ‘इथे रक्कम शून्य आली तर?’ एवढ्या एका शेऱ्यावर परत येतो, टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, लिहाव्या लागतात, आणि सगळे जमल्यावरही तो मोजक्याच वापरकर्त्यांसाठी सुरू करून चुका वाढत नाहीत ना, हे पाहत बसावे लागते. हा निव्वळ सोपस्कार नव्हे. 4 जून 1996 रोजी युरोपचे एरियन 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले, कारण एरियन 4 या आधीच्या रॉकेटमधून जशाच्या तशा घेतलेल्या कोडमध्ये 64 बिटांची एक संख्या 16 बिटांच्या लहान जागेत मावली नाही. जुना कोड नव्या परिस्थितीत तपासणे, हेच चिरंजीव सध्या शिकत आहेत.

तरीही त्यांची तक्रार मी उडवून लावणार नाही. काही टीममध्ये नवख्याला खरोखरच कोणी काही समजावत नाही. ‘काम कसे चालले आहे’ असे न विचारता, ‘गेल्या महिन्यात रिव्ह्यूमध्ये नवे काय कळले’ असे त्यांना विचारा. ते दहा मिनिटे बोलत राहिले, तर काळजी नको. शेरे केवळ कोडमधल्या स्पेस आणि नावांच्या स्पेलिंगवरच येत असतील, तर त्यांनी मॅनेजरशी स्पष्ट बोलावे आणि कंपनीतच टीम बदलून मिळते का, ते पाहावे. माझ्या मते राजीनाम्याआधी हा मार्ग चोखाळलाच पाहिजे.

शिवाय ऑफर लेटर काढून एकत्र वाचा. पॅकेजच्या आकड्यात बहुधा कंपनीचे शेअर धरलेले असतात. ते साधारणतः चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतात, आणि बऱ्याच ठिकाणी पहिला हप्ता वर्ष पुरे झाल्याशिवाय मिळत नाही. जॉइनिंग बोनसही वर्षाच्या आत सोडल्यास अनेकदा परत करावा लागतो. चिरंजिवांना रुजू होऊन आठ महिने झाले आहेत, म्हणून या दोन कलमांच्या तारखा आणि नोटीस पिरियड कागदावर मांडूनच त्यांनी निर्णय घ्यावा.